बारा हजारांची सायकल आणि खुल्दाबादचा रस्ता

सायकलच्या दुकानात बाई शिरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितवीत आहे मुलगी?" भडगाव, पाचोरा आणि जळगाव मिळून पाच दुकानांत मी हा प्रश्न ऐकला. "माझ्यासाठीच हवी आहे," म्हटलं की दुकानदार क्षणभर गप्प होतो, मग स्टूल पुढे सरकवतो आणि विचारतो, "वजन कमी करायला का?" एकाने तर मला घरात जागच्या जागी फिरवायची व्यायामाची सायकल दाखवली. त्याला तरी काय बोलणार? चव्वेचाळीस वर्षांची, बुरखा घातलेली, उर्दू शाळेत मराठी शिकवणारी बाई सायकलवरून दूरच्या प्रवासाला निघणार आहे, असं गिऱ्हाईक त्याच्याकडे याआधी आलेलंच नसणार.

पैसे होते बारा हजार. शाळेतल्या बायकांच्या भिशीत ऑगस्टमध्ये माझा नंबर लागला. घराच्या कर्जाचा हप्ता, थोरल्याच्या क्लासची फी, अम्मीची औषधं, यातलं काहीही या पैशांना शिवणार नाही असं मी मुलांच्या अब्बांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "सांगायची काय गरज होती?" सांगायची गरज होती हे मला तिथेच कळलं.

आता सायकलच का, आणि तीही प्रवासाला का, हे सांगते. आमच्या घरात प्रवास म्हणजे गाडी ठरवणं. उर्साला खुल्दाबादला जायचं तर एक क्रूझर, त्यात तेरा माणसं, मांडीवर कुणाचं तरी लेकरू आणि हातात पिशवी, कारण कन्नडच्या घाटात त्याला उलटी होणार हे सगळ्यांना माहीत असतं. मी तो घाट वीसेक वेळा चढले असेन. पाहिलेला मात्र एकदाही नाही. सरकारी पाटीवर खुलताबाद लिहिलेलं असतं, आम्ही खुल्दाबाद म्हणतो. तिथे शेख बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी आपलं शहर वसवलं तेव्हा त्याला याच बुजुर्गांचं नाव दिलं, ते बुऱ्हाणपूर. म्हणजे आपल्या खानदेशच्या जुन्या राजधानीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते घाटाच्या वर झोपलेले आहेत. मधला रस्ता एकदा आपल्या पायांनी, आपल्या वेगाने जावा, वाटेल तिथे थांबावं, एवढीच इच्छा. भडगावहून चाळीसगाव, तिथून घाट चढून कन्नड, मग वेरूळ आणि खुल्दाबाद. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास.

या शंभराला आमच्याकडे आणखी एक अर्थ आहे. हनफी मसलकात साधारण अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सत्त्याहत्तर किलोमीटरच्या पुढे जायचा इरादा करून गाव सोडलं की माणूस शरीअतच्या हिशेबाने मुसाफिर ठरतो. नमाज कसर होते, आणि बाईबरोबर महरम असावा असं सांगितलं जातं. चाळीसगाव या रेषेच्या अलीकडे पडतं, खुल्दाबाद पलीकडे. यावर मला वाद घालायचा नव्हता, आणि एकटीने जायची हौसही नव्हती. मुलांच्या अब्बांना त्यांचं दुकान सोडत नाही आणि गुडघे साथ देत नाहीत. म्हणून थोरला येणार असं ठरलं. तो अकरावीत आहे, आणि त्याच्याकडे सायकल आहे.

त्याच्या सायकलविषयी थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण पहिल्यांदा सायकल घेणारे बहुतेक जण तीच घेऊन येतात. त्याच्या मामूंनी सुरतेहून आणलेली. जाड टायर, पुढे शॉकअप, मध्ये सीटखाली आणखी एक शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर, आणि दांडीवर विजेची रेघ काढलेली. उभी केली की गल्लीतली पोरं गोळा होतात. पण तिच्यावर बसून पेडल मारा. पायाने लावलेला जोर आधी स्प्रिंग खाते, उरलेला चाकाला मिळतो. स्वस्तातला शॉकअप म्हणजे लोखंडी नळीत बसवलेली एक साधी स्प्रिंग. त्याने खड्डा थोडा मऊ होतो, पण दोन-अडीच किलो वजन वाढतं आणि सपाट रस्त्यावर दर पेडलला सायकल माकडासारखी खाली-वर होते. मधल्या शॉकअपमुळे मागचं चाक चौकटीपासून वेगळं हलतं, त्यामुळे साधं कॅरिअर बसतच नाही. ज्या सायकलला कॅरिअर बसत नाही तिच्यावरून प्रवासाला जाणाऱ्याला सामान पाठीवर घ्यावं लागतं, आणि वीस किलोमीटरनंतर ती पाठ दुसऱ्या कुणाची तरी असावी असं वाटू लागतं. म्हणजे आम्हा दोघांचं सामान माझ्या सायकलवर येणार हे सायकल घेण्याआधीच नक्की झालं.

दुकानांत मला दोनच प्रकार दाखवले जात होते. एक, गुलाबी किंवा जांभळी, पुढे टोपली असलेली, बिनागिअरची लेडीज सायकल, पाच-सहा हजारांची. दुसरी, थोरल्याच्या सायकलची बहीण. एका दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं की नवीनच घ्यायची तर थांबा, २२ सप्टेंबरपासून सायकलवरचा जीएसटी बारा टक्क्यांचा पाच टक्के होणार आहे. मी थांबले. त्या थांबण्याचा फायदा वेगळाच झाला. त्या महिन्यात मी आप्पांकडे जाऊन बसू लागले.

आप्पा म्हणजे आमच्या भडगावचे सायकल मिस्त्री. माझे अब्बा त्यांच्या वडिलांकडून सायकली दुरुस्त करून घ्यायचे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पुढे पंक्चर बघायची पाण्याची घमेली, वर लोंबणारे टायर. मी दुकानांतून आणलेली रंगीत पत्रकं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बघितलीच नाहीत. विचारलं, "कोठे जानं शे मॅडम?" मी रस्ता सांगितला. मग त्यांनी वर बोट केलं आणि म्हणाले, माझ्याकडे कोणते टायर आहेत ते वाचा.

ते वाचताना मला जे समजलं ते एकाही विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. टायरच्या कडेला इंचांचा आकडा ठळक असतो, पण त्याच्या जवळच बारीक अक्षरात दुसरा एक आकडा असतो, दोन भागांचा, जसं ३७-५९०. पहिला भाग टायरची रुंदी, दुसरा रिंगचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. खरा आकडा हा. जुन्या काळ्या जेंट्स सायकलचं चाक अठ्ठावीस इंची, त्याची रिंग ६३५. लेडीज सायकलचं सव्वीस इंची बारीक चाक, त्याची ५९०. जाड टायरच्या सायकलवरही सव्वीसच लिहिलेलं असतं, पण तिची रिंग ५५९. दोन्ही सव्वीस, आणि एकीचा टायर दुसरीला बसत नाही! शहरात नव्या फॅशनच्या ज्या सायकली मिळतात त्यांच्या रिंगा ५८४ किंवा ६२२. आप्पांच्या टपरीत ६३५, ५९० आणि ५५९ होते. ५८४ आणि ६२२ जळगावहून मागवावे लागतात. मी त्यानंतर चाळीसगावला एसटीने जाताना मुद्दाम वाटेवरच्या दोन गावांत उतरून मिस्त्र्यांना विचारलं, तिथेही तेच. म्हणजे वाटेत टायर फाटला तर कोणत्या आकड्याच्या सायकलची वाट अर्ध्या तासाची आणि कोणत्या आकड्याची दोन दिवसांची, हे दुकानात शिरण्याआधीच ठरलेलं असतं. माझ्या यादीतून तीन चकचकीत सायकली त्या एका संध्याकाळी कमी झाल्या.

चौकटीचंही तसंच. ॲल्युमिनियमची चौकट हलकी असते हे खरं. पण कॅरिअरचा कान तुटला किंवा चौकटीला चीर गेली, तर लोखंडाला जोड देणारा वेल्डर आपल्याकडे जिथे ट्रॅक्टर आहे तिथे आहे. ॲल्युमिनियमला जोड देणारा शोधत जावं लागतं. दोन किलो जास्त ओढायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी ओढायचे ठरवले.

गिअरवर मात्र आप्पांचं आणि माझं पटलं नाही. त्यांचं म्हणणं, गिअर म्हणजे नखरे. तार ताणली, चेन अडकली, धूळ गेली, की संपलं. बिनागिअरच्या लेडीज सायकलचं मागचं अठरा दात्यांचं फ्रीव्हील काढून बावीसचं बसवून देतो, दीड-दोनशे रुपयांत काम. मी घरी जाऊन हिशेब केला. पुढच्या चक्राला चव्वेचाळीस दाते, मागे अठरा, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. सव्वीस इंची चाकाचा परीघ दोन मीटर सात सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे जाते. सपाटीवर छान. मागे बावीस दाते लावले तर चार मीटर. हे चार मीटर पाचोऱ्याच्या रस्त्यावर आरामाचे आहेत, पण कन्नड हे चाळीसगावपेक्षा जवळपास तीनशे मीटर उंचावर आहे, आणि सामान दोघांचं. तिथे एका फेऱ्यात तीन मीटरहून कमी जाणारी सायकल हवी, नाहीतर गुडघे ओरडतात. सातवी-आठवीच्या मुलांना मी हा हिशेब फळ्यावर करून दाखवला. गुणोत्तर इतक्या लवकर त्यांना याआधी कधी समजलं नव्हतं. गणिताच्या सरांनी तास कुणाचा होता असं विचारलं, तो भाग वेगळा.

आप्पांच्या बाजूनेही एक मोठा दाखला आहे, तो मी त्यांना सांगितला तेव्हा ते फार खूश झाले. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी या बाईला दहाव्या वाढदिवसाला एक जुनी सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि तिने तेव्हाच ठरवलं की सायकलने हिंदुस्थानात जायचं. आईच्या आजारपणात वर्षं गेली. शेवटी १९६३ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती निघाली आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत दिल्लीला पोहोचली, एकटी. तिची सायकल साधी, मर्दानी चौकटीची. तिला तीन गिअर होते, ते तिने निघण्याआधी काढून टाकले, कारण इकडच्या रस्त्यांवर इतकं नाजूक यंत्र टिकणार नाही असं तिला वाटलं. आप्पा म्हणाले, "देखा!" मी म्हटलं, आप्पा, ती एकतीस वर्षांची होती. शिवाय १९६३ साली गिअरची तार बदलून देणारा मिस्त्री वाटेत नव्हता, आज तुम्ही आहात. यावर त्यांना उत्तर सुचलं नाही, पण त्यांनी एक अट घातली. गिअर फक्त मागे असावेत, पुढे एकच चक्र. पुढे तीन चक्रं असली की एकवीस गिअर असं लिहिता येतं, पण त्यातले बरेच एकमेकांसारखेच असतात, आणि पुढची चेन इकडून तिकडे टाकणारा पत्राच सगळ्यात आधी बिघडतो. ही अट मला पटली.

आता चौकटीच्या आकाराचा प्रश्न, ज्यावर दुकानदार बोलत नाहीत आणि घरचे फार बोलतात. मर्दानी चौकटीला वर आडवी दांडी असते, लेडीजला ती खाली वाकलेली. आडवी दांडी जास्त मजबूत, म्हणून लांबच्या प्रवासाला तीच घ्या, असं थोरल्याने फोनवरच्या कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. १८९४ साली अमेरिकेत बोस्टनहून ॲनी लंडनडेरी नावाची बाई सायकलवरून जगाच्या फेरीला निघाली. तीन लेकरांची आई, सायकल जेमतेम शिकलेली. निघताना तिच्याकडे बेचाळीस पौंडांची, म्हणजे एकोणीस किलोची लेडीज सायकल होती आणि अंगावर लांब झगा. शिकागोला पोहोचेपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला आला. तिथे तिने सायकल बदलली, एकवीस पौंडांची मर्दानी घेतली, आणि झग्याच्या जागी घोळदार विजार. एकशे तीस वर्षांपूर्वीचा तिचा आणि आजचा माझा प्रश्न एकच, कपडे आणि चौकट यांचं जमवायचं कसं. तिने कपडे बदलले. माझी सलवार तर आधीपासूनच घोळदार विजारच आहे. अडचण फक्त वरच्या बुरख्याची. तो मी गुडघ्याच्या थोडा खालपर्यंतचा, दोन्ही बाजूंना चीर असलेला शिवून घेतला, आणि चौकट वाकलेल्या दांडीची ठेवली. मागे सामान बांधलेलं असताना पाय उंच फेकून चढायचं कुणालाच सोपं नसतं, पुरुषांनाही. या वाकलेल्या दांडीला लेडीज म्हणतात म्हणून पुरुष ती घेत नाहीत, त्यांचंच नुकसान. चेनवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला ओढणी अडकू नये म्हणून जाळी, या दोन गोष्टी मात्र हव्यातच. अब्बा पायजम्याला पत्र्याची क्लिप लावायचे. ती अजून अम्मीच्या शिलाईच्या डब्यात होती. एकच सापडली, उजव्या पायाची, आणि तीच लागते.

सायकल शेवटी नवी घेतलीच नाही. सहकारी बाईंच्या जळगावच्या नातेवाइकांकडे गॅलरीत चादरीखाली एक सायकल उभी होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेली, नंतर कपडे वाळत घालायला वापरलेली. अशा सायकली आता प्रत्येक शहरात आहेत, आणि कमी पैशांत पहिली सायकल हवी असलेल्याला माझं हेच सांगणं आहे की आधी त्या गॅलऱ्या शोधा. लोखंडी चौकट, वाकलेली दांडी, पुढे शॉकअप नाही, ५९० ची चाकं, मागे सहा गिअर, पुढे एकच अडतीस दात्यांचं चक्र. मागचे दाते चौदा ते अठ्ठावीस. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला दोन मीटर ऐंशी, सगळ्यात जड गिअरमध्ये साडेपाचच्या वर. मला हवं होतं ते नेमकं हेच. त्यांनी सात हजार सांगितले, साडेपाचला दिली.

जुनी सायकल घेताना काय बघायचं ते आप्पांनी मला पाठ करून पाठवलं होतं. चाक उचलून फिरवायचं आणि ब्रेकच्या रबराशी त्याचं अंतर बघायचं, रिंग लचकली असेल तर ते कमीजास्त होतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलायची, हँडलच्या मुळाशी टक टक वाजलं तर बेअरिंग सैल. पेडलचे दांडे धरून आडवे हलवायचे, तिथेही तेच. हँडलखालच्या नळीला जिथे चौकट जोडलेली असते तिथला रंग नीट बघायचा. रंगाला सुरकुती किंवा बारीक चीर दिसली तर सायकल आपटलेली आहे, फुकट दिली तरी घ्यायची नाही. आणि चेन. त्यासाठी मी शाळेतली फूटपट्टी नेली होती. पट्टीचं शून्य चेनच्या एका पिनच्या मध्यावर ठेवलं तर बाराव्या इंचाच्या रेघेवर दुसऱ्या पिनचा मध्य बरोबर यायला हवा. एक अष्टमांश इंच पुढे गेला असेल तर चेन ताणली गेली, बदलायची. ही पुढे गेली होती. त्या घरातले काका माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही पेपर तपासल्यासारखी सायकल तपासता." दीड हजार तिथेच कमी झाले.

मग खर्च. दोन टायर-ट्यूब अकराशे, चेन तीनशे, ब्रेकची रबरं आणि सगळ्या तारा साडेतीनशे, मजबूत कॅरिअर साडेचारशे, चेनचं झाकण आणि मडगार्ड चारशे, हेल्मेट नऊशे, हवेचा पंप, पाने आणि पंक्चरचं सामान सहाशे, पुढचा-मागचा दिवा साडेतीनशे. आप्पांची मजुरी चारशे. सायकल धरून दहा हजार तीनशे पन्नास. सामानासाठी शहरात तयार पिशव्या मिळतात, त्यांच्या किमती ऐकून मी परत आले आणि आमच्या गल्लीतल्या टेलरकडून ताडपत्रीच्या दोन थैल्या कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकतील अशा शिवून घेतल्या, पाचशे रुपयांत. हेल्मेट स्कार्फवरून बसवून बघूनच घ्यावं, हे बायकांना सांगते. स्कार्फच्या गाठीमुळे ते मागून उचललं जातं. गाठ मानेखाली आणली की बसतं.

ब्रेकवर मी जास्त वेळ घालवला. चढताना माणूस दमतो, पण घाटातला खरा धोका उतरताना असतो, आणि परतीला आम्हाला तोच घाट उतरायचा आहे. जुन्या सायकलींच्या चकचकीत पोलादी रिंगा ओल्या झाल्या की रबर त्यांच्यावरून नुसतं घसरतं. माझ्या सायकलच्या रिंगा ॲल्युमिनियमच्या आहेत, तिथे साधे रबरी ब्रेकही नीट धरतात, आणि ते रबर कुठेही मिळतं. स्वस्त डिस्क ब्रेक दिसायला मोटारसायकलसारखे, पण थोरल्याच्या सायकलचे दर आठवड्याला घासायला लागतात आणि आप्पा ते हातात घ्यायला नाखूश असतात. उतारावर एकच ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, पुढचा-मागचा आलटून पालटून, थांबत थांबत. एक गोष्ट आमच्या बाजूची आहे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने या घाटात जड वाहनांना बंदी आली. क्रूझरमधून जाताना ज्या ट्रकांच्या रांगा बघून जीव दडपायचा, त्या नसतील तरच मी लेकराला घेऊन तिथे सायकलवर जायला धजेन.

सायकल मला येत होती का? लहानपणी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकले होते. सातवीनंतर सुटली. आजही आमच्या मुली शाळेपर्यंत सायकलने येतात, कुणाला सरकारी योजनेतून मिळालेली असते, कुणाला घरून. बारावी झाली की ती सायकल भावाकडे जाते. मी तीस वर्षांनी बसले तर तोल आला, पण मागे वळून बघताना सायकल भरकटायची. त्यासाठी आठ दिवस शाळेच्या मैदानात सुट्टीच्या दिवशी गोल गोल फिरले. सीटची उंची आधी फार खाली ठेवली होती, पाय टेकावेत म्हणून. आप्पांनी वर करायला लावली. टाच खालच्या पेडलवर ठेवली की गुडघा जवळपास सरळ व्हायला हवा, इतकी उंच. भीती वाटली, पण त्या एका बदलाने गुडघ्यांचं दुखणं निम्मं झालं.

फजरनंतर निघायचं, गिरणेचा पूल ओलांडून पलीकडे जायचं आणि परत यायचं, असं सुरू झालं. मग कजगाव, मग पाचोरा. पहिल्या दिवशी गल्लीतल्या एका बुजुर्गांनी थांबवून फार काळजीने विचारलं, "बाजी, स्कूटी खराब झाली का? मुलाला पाठवू?" दुसऱ्या आठवड्यात विचारणं बंद झालं. आठवीतल्या एका मुलीने वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "टीचर, तुमच्या अम्मी काही बोलत नाहीत?" वर्ग हसला. ती हसत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, बोलतात, रोज बोलतात. माझ्या अम्मीला अपघाताची भीती वाटते, लोकांची नाही, आणि या भीतीला माझ्याकडे आरसा, दिवा आणि हेल्मेट एवढंच उत्तर आहे. त्या मुलीच्या अम्मीला कशाची भीती वाटते ते मी वर्गात विचारलं नाही.

बाभळीचा काटा हा आपल्या रस्त्यांचा खरा मालक आहे. पाचोऱ्याहून येताना पंक्चर झालं ते आम्ही दोघांनी रस्त्याच्या कडेला काढलं. टायरच्या आत बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, हे आप्पांनी सांगितलेलं आठवलं आणि काटा खरंच तिथेच होता. कापूस भरलेले ट्रॅक्टर बाजूने जात होते, प्रत्येक जण थांबून "काय झालं?" विचारत होता. पंचवीस मिनिटं लागली. आता अठरा लागतात.

नोव्हेंबरमध्ये, एका शनिवारी शाळा सुटल्यावर, चाळीसगावला गेलो. वाटेत तीनदा थांबून पावणेचार तास. खालांच्या घरी मुक्काम. रविवारी सकाळी पीर मुसा कादरी बाबांच्या दर्ग्यावर फातिहा पढून परत निघालो. जाताना सामान फार झालं होतं. दोघांच्या कपड्यांचे तीन-तीन जोड, टिफिन, अम्मीने दिलेला शेवयांचा डबा. त्यातलं निम्मं खालांकडे ठेवून आलो. मागचं कॅरिअर एका बाजूला ओढत होतं, तेव्हा जड वस्तू दोन्ही थैल्यांत सारख्या आणि तळाशी ठेवायच्या हेही कळलं. थोरला सगळा वेळ पुढे होता, पण परतताना शेवटच्या दहा किलोमीटरला तो म्हणाला, "अम्मी, थोडा वेळ तुझी दे ना." मी दिली. त्याची स्प्रिंगवाली मी चालवली. आल्यावर त्याने मामूंना फोन करून विचारलं, त्याची सायकल विकली तर ते रागावतील का. मामू अजून विचार करत आहेत.

२५ डिसेंबरला सुट्टी आहे, गुरुवार. शुक्रवार-शनिवारची रजा टाकली आहे. पहिल्या दिवशी चाळीसगाव, दुसऱ्या दिवशी घाट आणि कन्नड, तिसऱ्या दिवशी वेरूळवरून खुल्दाबाद, रविवारी उतरून पुन्हा चाळीसगाव. तिथून पुढे दिराचा रिकामा पिकअप भडगावला येतच असतो. घाटात जिथे दोन मीटर ऐंशीही जड जाईल तिथे उतरून ढकलायचं, हे आम्ही आधीच बोलून ठेवलं आहे. थोरला म्हणतो तो उतरणार नाही. बघू.

आप्पांनी २४ तारखेला संध्याकाळी सायकल टपरीवर आणायला सांगितलं आहे. बाकी काही बघणार नाही म्हणाले, फक्त ब्रेक.